प्राचीन मृद्भांड्यांवरची नक्षी नेमकी कुठून आली?

प्रश्न असा आहे: जुन्या मातीच्या भांड्यांवर त्रिकोण, नागमोडी रेघा, जाळी, वर्तुळं, मधूनच एखादा प्राणी दिसतो. ही नक्षी मुळात आली कुठून? टोपलीच्या विणीची नक्कल म्हणून आली की धार्मिक खुणा म्हणून? आणि एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रदेशांत ती इतकी सारखी कशी?

माझं काम खापरं तपासायचं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. आधी थोडक्यात सांगतो. नक्षीचा उगम एक नाही. काही नक्षी भांडं घडवताना उमटलेल्या खुणांतून आली, काही दुसऱ्या वस्तूंवरून उचलली गेली, काही भांड्याच्या गोल आकारानेच सुचवली आणि उरलेली शेजाऱ्यांकडून किंवा शिकवणाऱ्या हाताकडून घेतली गेली. ‘हे पाणी’, ‘ही देवी’ असले अर्थ आकृतीला बहुतेक वेळा नंतर चिकटतात. पण या सगळ्याआधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. नक्षीचा जन्म भाजलेल्या मातीवर झालेलाच नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या डीपक्लूफ इथल्या शैलाश्रयात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे अडीचशेहून अधिक कोरीव तुकडे मिळाले आहेत. वय सुमारे ६०,००० वर्षं. काहींवर मुद्दाम पाडलेल्या भोकाची कड शिल्लक आहे, म्हणजे ही अंडी पाणी बाळगायची पात्रं होती. त्यांवर दोन लांब समांतर रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या आखूड रेघांची रांग असा पट्टा कोरलेला आहे. एकाच माणसाची ही लहर नव्हे, कारण तोच पट्टा पुन्हा पुन्हा येतो आणि वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत त्याची जागा वेगळा नमुना घेतो. त्याच देशातल्या ब्लॉम्बोस गुहेत गेरूच्या तुकड्यावर कोरलेली तिरक्या रेघांची जाळी ७०,००० वर्षांहून जुनी आहे. आता भाजलेल्या मातीच्या भांड्यांकडे वळा. चीनमधल्या शियानरेनदोंग गुहेतली भांडी सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची. त्यांवर फार तर गवतासारख्या कशाने तरी पृष्ठभाग सारवल्याच्या समांतर रेघा दिसतात. जपानमधल्या ओदाई यामामोतो इथली सुमारे १६,००० वर्षांपूर्वीची खापरं तर साधीच आहेत. म्हणजे जाळी आणि पट्टे माणसाच्या हातात आधीपासून होते. माती भाजण्याची कला नंतर आली, आणि तिची पहिली भांडी बहुतांशी कोरी होती.

माती एकदा भाजली की टिकते. टोपली, चटई, कापड, कातडं, लाकूड, अंगावरचं गोंदण हे सगळं कुजून जातं. म्हणून नक्षीचा इतिहास भांड्यांपासून सुरू झाल्यासारखा वाटतो. खरं तर भांडं हा तिचा एक मुक्काम आहे, आणि आपल्याला नीट दिसणारा तोच आहे. खाली जे काही सांगतो आहे ते हे धरूनच वाचा.

मातीवर नक्षी उमटू कशी लागली, त्यात घडणीच्या खुणांचा वाटा मोठा आहे. चाक नसताना भांडं घडवायचं म्हणजे मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने थापटायचं. गुळगुळीत थापीला ओली माती चिकटते. थापीला दोरी गुंडाळली की चिकटणं कमी होतं आणि वळ्यांमधले सांधेही दाबून बसतात. भांडंभर दोरीचे ठसे राहतात ते असे, कामाच्या ओघात. तसंच चटईवर ठेवून भांडं घडवलं की बुडाला चटईची वीण उमटते. काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन भांड्यांच्या बुडांवर ती स्पष्ट दिसते. ही सजावट नव्हे. बूड जमिनीला टेकलेलं असतं, ते कोण बघणार?

मग अशा खुणेची नक्षी होते कधी? माझी कसोटी साधी आहे. ठसे अंगभर, एकमेकांवर चढलेले, दिशा बदलत गेलेले असतील तर ते काम. तेच ठसे पोटावरून हाताने पुसून टाकलेत आणि फक्त खांद्यावर एका ओळीत राखलेत, तर ते कुणीतरी ठरवून राखले आहेत. जपानच्या प्रागैतिहासिक जोमोन काळातल्या कारागिरांनी याच्याही पुढे मजल मारली. ते दोरीच ओल्या मातीवर लाटू लागले, पुढे दोऱ्यांना गाठी मारू लागले, एकमेकींच्या उलट पिळाच्या दोन दोऱ्या वापरून उलटसुलट तिरप्या रेघांचे पट्टे काढू लागले. तिथे थापटण्याशी काहीच देणंघेणं उरलेलं नाही, उरला आहे तो दोरीचा खेळ. युरोपातही इ.स.पू. ३००० नंतरच्या काही शतकांत भांड्याच्या गळ्याभोवती पिळाची दोरी गुंडाळून दाबायची रीत फार दूरवर पसरली होती.

अशा खापरावर मऊ प्लॅस्टिसिन दाबून उचललं की हजारो वर्षांपूर्वी कुजलेली दोरी समोर येते. किती पदरांची होती, घट्ट वळली होती की सैल, पीळ उजवा होता की डावा, सगळं मोजता येतं. फक्त एक लक्षात ठेवायचं: खापरावर पीळ उलटा दिसतो, ठशात सुलटा. थेट खापराकडे बघून नोंदी केल्या तर अख्खा तक्ता उलटा होतो. हा पीळ महत्त्वाचा असतो, कारण दोरी कुठल्या बाजूला वळायची ही सवय माणूस लहानपणी शिकतो आणि सहसा सोडत नाही. नक्षी बदलली पण पीळ तोच राहिला, असं दिसलं तर हात त्याच लोकांचे असण्याची शक्यता वाढते.

सांध्यांचंही तसंच. गळा आणि खांदा वेगळे घडवून जोडले की तो सांधा कच्चा राहतो. त्यावर मातीची पट्टी लावून बोटांनी दाबली की तो बळकट होतो, आणि पट्टीवर बोटांच्या खळग्यांची रांग तयार होते. पुढे एकसंध भांडी घडवता यायला लागली तरी ती रांग त्याच जागी येत राहते. गरज संपली तरी डोळ्याला सवय झालेली असते.

याचं सर्वात सुरेख उदाहरण इजिप्तमधलं आहे. फ्लिंडर्स पेट्री या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने नकादा आणि आसपासच्या दफनभूमींतल्या सुमारे ९०० थडग्यांमधली भांडी कालक्रमाने लावायचा घाट घातला. हाताशी ना नाणं ना लेख, आणि वय मोजायची रेडिओकार्बन पद्धत यायला अजून अर्धशतक होतं. त्याला धागा सापडला तो नागमोडी कानांच्या भांड्यांत. सुरुवातीची भांडी फुगीर पोटाची, दोन्ही बाजूंना धरायला खरेखुरे कान, त्यांची कड नागमोडी दाबलेली. हा घाट मुळात पॅलेस्टाइनकडून आलेला. मग पोट आक्रसत गेलं आणि कान अंगाला चिकटत गेले. पुढे कानांची एक उठावाची नागमोडी पट्टी झाली, ती भांड्याला वेढा घालू लागली. शेवटी उरलं एक नळकांडं आणि त्याच्या वरच्या अंगाला साधी रेघ. ती रेघ एकटी बघणाऱ्याने तिला नाईल नदी म्हटलं असतं, लाट म्हटलं असतं, साप म्हटलं असतं. ती एका कानाची आठवण आहे. नक्षीचा अर्थ लावायला बसलेल्या प्रत्येकाने ही मालिका आधी बघावी असं मला वाटतं.

हत्यारांबद्दल थोडं सांगतो. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर इ.स.पू. सहाव्या सहस्रकात एका शिंपल्याची दातेरी कड ओल्या मातीत दाबून नक्षी करायची पद्धत होती. त्या शिंपल्याने दुसरं काही करताच येत नाही, फक्त आखूड दातेरी कमानी उमटतात. म्हणून त्या भांड्यांची सारी भाषा आखूड दातेरी कमानींची आहे. नख, कंगवा, पोकळ काडी, प्रत्येकाचं असंच. मातीची अवस्थाही बोलते. अगदी ओल्या मातीत रेघ ओढली तर दोन्ही काठांना माती उचलली जाते. चामड्याइतकी घट्ट झालेली माती स्वच्छ कापली जाते, रेघेच्या तळाला चकाकी येते. वाळल्यावर कोरलं तर काठ टवके उडाल्यासारखे होतात. भाजल्यावर ओरखडलेली रेघ तर भिंगाशिवायही ओळखू येते, ती लेप फाडून जाते. खापर हातात आलं की मी आधी या गोष्टी बघतो, आकृती नंतर.

अथेन्समध्ये इ.स.पू. १०५० ते ९०० च्या सुमाराला भांड्यांवर अचूक समकेंद्री वर्तुळं येऊ लागली. एका दांडीवर अनेक कुंचले बसवून, मधल्या टोकाभोवती ते फिरवून काढलेली. मध्यभागी त्या टोकाचा बारीक खळगा आजही दिसतो. वर्तुळं आधीही काढत, पण हातानेच, त्यामुळे वेडीवाकडी. नवं साधन हाती आलं आणि वर्तुळांचा जणू पूर आला. याला सूर्यपूजा वाढल्याचा पुरावा मानणारे लोक मला भेटले आहेत.

आता टोपलीकडे येतो, कारण प्रश्नात तिचा उल्लेख आहे. हा विचार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गॉटफ्रीड झेम्पर या जर्मन वास्तुविशारदाने मांडलं, की नक्षीचं मूळ विणकामात आणि बांधण्याच्या तंत्रात आहे. त्याच्या अनुयायांनी हे इतकं ताणलं की प्रत्येक आडव्या-उभ्या रेघेत त्यांना ताणाबाणा दिसू लागला. १८९३ मध्ये व्हिएन्नाच्या आलोइस रीगल या कला-इतिहासकाराने याला जोरदार विरोध केला. गंमत म्हणजे रीगल स्वतः संग्रहालयात कापडांच्या विभागाचा प्रमुख होता. त्याचं म्हणणं असं, की तंत्र आपोआप नक्षी जन्माला घालत नाही. माणसाला आकृती घडवायची ओढ असते आणि तंत्र त्या ओढीला वाट देतं किंवा अडवतं. शहामृगाची अंडी त्याच्या काळात सापडलेली नव्हती. सापडली असती तर वाद लवकर मिटला असता, कारण कवचावर कोरायला विणीचा आधार लागत नाही.

म्हणून टोपलीचा सिद्धान्त खोटा ठरतो का? सरसकट लावला तर खोटाच, पण ठरावीक ठिकाणी तो तपासता येतो. विणकामात तिरकी रेघ सरळ येतच नाही. ताणा आणि बाणा काटकोनात असतात, त्यामुळे तिरकं जायचं म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी जायचं. कुंचल्याला ती अडचण नाही, तो हवी तशी तिरकी रेघ सहज ओढतो. तेव्हा रंगवलेल्या भांड्यावर त्रिकोणाची कड पायऱ्यापायऱ्यांची असेल तर चित्रकाराने विनाकारण कष्ट घेतले आहेत, आणि अशा कष्टांना बहुधा कारण असतं: नमुना विणीवरून उचललेला आहे. अमेरिकेच्या नैऋत्येतल्या प्युब्लो लोकांच्या पूर्वजांच्या भांड्यांवर अशा पायऱ्या भरपूर आहेत, आणि ते लोक टोपल्या आणि सुती कापड दोन्हींत तरबेज होते. तिथे टोपलीचं म्हणणं मी मान्य करतो. नुसती आडव्या-उभ्या रेघांची चौकट दिसली म्हणून मात्र करत नाही.

नक्कल फक्त टोपलीची होते असंही नाही. नकादा काळातल्याच काही भांड्यांवरचे गेरूच्या रंगातले गुंडाळलेले सर्पिल हे ठिपकेदार, शिरा असलेल्या दगडी भांड्यांची नक्कल मानले जातात. दगडी भांडं महाग आणि मानाचं, मातीचं भांडं त्याची जागा घेऊ बघतं. सायप्रसमध्ये इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात एक छोटी सुरई घडवत. उलटी धरली तर हुबेहूब अफूचं बोंड, आणि अंगावर रंगवलेल्या रेघा बोंडाला चीक काढायला दिलेल्या चिरांसारख्या. १९६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट मेरिलीज यांनी हे साम्य दाखवून ‘यात अफू असावी’ असं मांडलं आणि त्यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. २०१८ मध्ये अशाच एका सीलबंद सुरईतल्या अवशेषांत अफूची रासायनिक खूण सापडली. एका सुरईवरून सगळ्यांबद्दल निकाल देता येत नाही, पण नक्षीने आतल्या मालाची जाहिरात करावी ही शक्यता मला तरी पटते.

आता सारखेपणाचा प्रश्न, आणि इथे भांड्याचा आकारच अर्धं उत्तर देतो. भांडं गोल असतं. त्यावर काढलेली पट्टी फिरून स्वतःलाच येऊन मिळते. अशी पट्टी भरायची म्हणजे एक आकृती घेऊन ती पुन्हा पुन्हा काढायची: सरकवून, उलटवून, आरशातल्यासारखी फिरवून. गणिताने बघितलं तर पट्टीत आकृती आवर्तित करायचे प्रकार फक्त ७ आहेत. सपाट पृष्ठभाग भरायचे १७. जगातल्या कुठल्याही कुंभाराला, त्याला गणिताचं नावही माहीत नसलं तरी, यांतूनच निवड करावी लागते. त्यात हाताला सर्वात सोपी आकृती म्हणजे कुंचला न उचलता वर-खाली जाणारी नागमोडी रेघ. तिचे कोन भरले की त्रिकोण, दोन नागमोडी रेघा समोरासमोर आल्या की चौकट, चौकटीत तिरप्या रेघा भरल्या की जाळी. हडप्पा संस्कृतीच्या भांड्यांवर एकमेकांना छेदणाऱ्या वर्तुळांची प्रसिद्ध नक्षी आहे. वर्तुळं शेजारी शेजारी सरकवून काढली की छेदांतून चार पाकळ्यांचं फूल आपोआप तयार होतं. ते काढायला फूल मनात असावंच लागतं असं नाही. एकदा डोळ्याला दिसलं की मात्र पुढचा कारागीर पाकळ्या जाणून रंगवतो.

पट्टी स्वतःला मिळते ती जागा शोधून बघा, मला ती सर्वात बोलकी वाटते. हाताने घडवलेल्या, मोजमाप न करता रंगवलेल्या भांड्यावर कुठेतरी शेवटचा त्रिकोण चिमटलेला सापडतो. नाहीतर दोन त्रिकोणांच्या मधे उरलेली अरुंद फट एखाद्या उभ्या रेघेने किंवा ठिपक्यांनी बुजवलेली असते. काही ठिकाणी ही बुजवणीच पुढे लाडकी होते आणि जागा पुरेशी असतानाही प्रत्येक पट्टीत येऊ लागते. याउलट काही कारागीर आधीच भांड्याचे चार भाग पाडून घेतात. ते ओळखायचं तर रेघांचा क्रम बघायचा. भिंगाखाली कुठली रेघ कुणावरून गेली ते दिसतं. रेघ सुरू होते तिथे रंगाचा ठिपका साचलेला असतो, संपते तिथे केसांच्या खुणा विरळ होतात. चार उभ्या रेघा सर्वांच्या खाली असतील तर आखणी आधी झाली होती. मानववंशशास्त्रज्ञ रूथ बंझेल यांनी १९२० च्या दशकात प्युब्लो स्त्रियांबरोबर राहून नोंदवलं आहे, की त्या बोटांनी भांडं मापून, पूर्ण नक्षी मनात ठरवूनच कुंचला उचलत.

आकाराशी नक्षीचं नातं किती घट्ट असू शकतं ते बघायचं तर लूव्र संग्रहालयातला सूसाचा उभा पेला बघा. इराणमधला, इ.स.पू. ४००० च्या आसपासचा, उंची जेमतेम २९ सेंटिमीटर. अगदी वर लांब मानेच्या पक्ष्यांची रांग, माना इतक्या उभ्या ताणलेल्या की दुरून नुसता रेघांचा पट्टा वाटावा. त्याखाली धावणारे कुत्रे, ते उलट आडवे ताणलेले. आणि खाली मोठ्या चौकटीत रानबोकड, त्याची शिंगं मागे वळून जवळजवळ पूर्ण वर्तुळ करतात, अंग दोन त्रिकोणांचं. काठाला उभ्या रेघा हव्यात तिथे मान, पट्टा आडवा हवा तिथे कुत्रा, पोट भरायला वर्तुळ हवं तिथे शिंग. प्राणी खरे आहेत, पण त्यांची अंगं भांड्याने बेतली आहेत.

रंगाचं उत्तर छोटं आहे. लाल पृष्ठभागावर काळी नक्षी सिंधूच्या खोऱ्यात, महाराष्ट्रातल्या जोर्वे-इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत आणि इतरही अनेक ठिकाणी सापडते. त्यामागचं रसायन सगळीकडे एकच आहे. लोहयुक्त माती मोकळ्या हवेच्या आचेत लाल होते. मँगनीज असलेला रंग त्याच आचेत काळाच राहतो. दोन्ही खनिजं बहुतेक कुठेही मिळतात. ग्रीकांनी मात्र लोहावरच, भट्टीची हवा बंद-चालू करून, तीन टप्प्यांत काळा आणि लाल दोन्ही साधले, तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

पुढचा वाद: आधी चित्र की आधी रेघ? एकोणिसाव्या शतकात अनेकांना वाटे की प्रत्येक भौमितिक आकृती ही कुठल्यातरी प्राण्याचं झिजलेलं चित्र असते. कधीकधी तसं होतं. क्रीट बेटावर इ.स.पू. १५०० च्या सुमारास भांडंभर पसरलेला जिवंत ऑक्टोपस रंगवत, एकेक चूषक मोजून घ्यावा असा. ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या मायसीनी कुंभारांनी तो घेतला आणि पुढच्या पिढ्यांत त्याचे हात म्हणजे भांड्यावरून जाणाऱ्या लाटदार रेघा झाल्या. पण ही घसरण एकाच दिशेने जात नाही, कारण इ.स.पू. बाराव्या शतकात काही बेटांवर तपशीलवार ऑक्टोपस पुन्हा अवतरतो, हातांच्या मधे पक्षी आणि मासे घेऊन. आणि त्यानंतरचं अथेन्स तर उलट दिशेने गेलं. तिथे आधी वर्तुळं, मग काटकोनी वळणांच्या पट्ट्या, मग त्या पट्ट्यांच्या मधे एखादा घोडा, मग रांगेने हरणं, आणि इ.स.पू. ७६० च्या सुमाराला मृत व्यक्तीभोवती डोक्यावर हात घेऊन शोक करणारी माणसं. म्हणून थरांचा भक्कम आधार नसेल तर ‘मासा झिजून त्रिकोण झाला’ ही मालिका टेबलावर मांडायची नाही, असं मी तरुण सहकाऱ्यांना सांगतो. दहा खापरं पुढे ठेवली की ती कुठल्याही क्रमाने लावून गोष्ट रचता येते.

अर्थाबद्दल आता. आकृती मुळीच निरर्थक असते असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच, की अर्थ आकृतीत भरलेला नसतो, तो माणसांत असतो. १९०० च्या आसपास मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी उत्तर अमेरिकेतल्या अरापाहो लोकांकडे नक्षीचे अर्थ विचारले. एकाच आकृतीला वेगवेगळ्या व्यक्तींनी वेगवेगळे अर्थ सांगितले, आणि एकच गोष्ट वेगवेगळ्या आकृत्यांनी दाखवली. जिवंत माणसं समोर बसलेली असताना ही गत. चार हजार वर्षांपूर्वीच्या खापराकडून ‘नागमोडी म्हणजे पाणी, त्रिकोण म्हणजे स्त्री’ असला शब्दकोश मागणं म्हणजे स्वतःचंच मन वाचणं. हडप्पाच्या भांड्यावरचं पान पिंपळाचं आहे हे मी ठामपणे सांगेन, त्याचं टोक आणि शिरा दिसतात. त्यापुढे ते पवित्र होतं की नाही हे सांगायला भांडं पुरत नाही, मुद्रा आणि इतर संदर्भ लागतात.

संदर्भ मिळाला की चित्र पालटतं. अथेन्सच्या दिपिलॉन दफनभूमीतली दीड मीटरहून उंच भांडी थडग्यांवर खूण म्हणून उभी केलेली होती आणि त्यांवर अंत्यविधीच रंगवलेला आहे. तिथे नक्षी आणि उपयोग एकमेकांची साक्ष देतात. न्यू मेक्सिकोतल्या मिम्ब्रेस लोकांचे, इ.स. १००० ते ११३० च्या दरम्यानचे वाडगे आतून अप्रतिम रंगवलेले आहेत. त्यांतले कितीतरी मृताच्या डोक्यावर पालथे घातलेले मिळाले, तळाशी मुद्दाम भोक पाडलेलं. पण त्याच वाडग्यांच्या आत वापराच्या घाशीव खुणाही दिसतात. म्हणजे ते थडग्यासाठीच बनवले असं म्हणता येत नाही, आधी घरात वापरले गेले होते.

राहिला एकच मुद्दा, नमुने एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जातात हा. संशोधक ऑलिव्हिए गॉसलॅन यांनी आफ्रिकेतल्या कुंभारांमध्ये दीर्घकाळ काम करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. भांडं घडवायचं तंत्र हातात मुरलेलं असतं, ते सहसा बदलत नाही आणि शिकवणाऱ्याच्या नात्यागोत्याशी बांधलेलं राहतं. नक्षी मात्र बाजारात दिसते, ती कुणीही बघून उचलतो. म्हणून दोन ठिकाणी एकच नक्षी मिळाली तर माल किंवा डोळे फिरले, एवढंच सिद्ध होतं. माणसं स्थलांतरित झाली का, ते घडणीवरून बघायचं. प्रशांत महासागरातली लापिता भांडी हा यातला मोलाचा अपवाद आहे. इ.स.पू. १३५० च्या सुमाराला बिस्मार्क द्वीपसमूहात दातेरी ठशांनी चेहरे आणि गुंतागुंतीचे पट्टे उमटवलेली ही भांडी दिसू लागतात आणि काही शतकांत टोंगा-सामोआपर्यंत पोचतात. तिथे नक्षी आणि माणसं खरंच एकत्र गेली, कारण आधी त्या दूरच्या बेटांवर कुणी राहतच नव्हतं. पुढे तिथल्या लोकांनी भांडी नक्षीदार करणं सोडलं, नंतर भांडी घडवणंच सोडलं. तशाच पट्ट्यांचे नमुने मात्र गोंदणात आणि झाडाच्या सालीच्या कापडावर चालू राहिले. गोंदायचं हत्यारही दातेरीच असतं, त्यामुळे नक्षी मातीवरून कातडीवर गेली की कातडीवरून मातीवर आली, यात माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

तेव्हा दोन दूरच्या भांड्यांवर सारखा त्रिकोण दिसला तर त्यावर काही उभारू नका, त्रिकोण कुणालाही सुचतो. सारखेपणा शोधायचा तर विनाकारण केलेल्या गोष्टींत शोधा: रेघा ओढायचा क्रम, भांड्याचे भाग पाडायची पद्धत, जागा बुजवायची लकब, आवर्तनाचे ठरावीक एक-दोनच प्रकार वापरायचा हट्ट. हे सगळं एकाच वेळी जुळलं तर योगायोग म्हणणं अवघड होतं. आणि एखाद्या भांड्याबद्दल कुणा जाणकाराला फोटो पाठवून विचारणार असाल, तर नक्षीच्या झकास फोटोबरोबर बुडाचा, आतल्या बाजूचा आणि पट्टी जिथे स्वतःला मिळते त्या जागेचा फोटोही जोडा. बाजूने तिरपा प्रकाश टाकून काढा, म्हणजे घडणीच्या खुणा दिसतात.